ऑर्गनचा कागद

गुरुवारी दुपारी दोन नावाडी पेटी घेऊन दारात आले, तेव्हा तिच्या तळातून पाणी टपकत होतं.

गॉटहोल्ड रीबिशने ती पेटी लगेच ओळखली. ओकच्या लाकडाची, झाकणावर दरबारचा शिक्का. बुधवारी सकाळी त्याने स्वतः ती होडीवर चढवली होती. युवराज्ञीला मुलगा झाला होता. रविवारी नदीकाठच्या उन्हाळी राजवाड्यात देवाचे आभार मानायचे होते आणि त्यासाठी गॉटहोल्डचं दोन वर्षांपूर्वीचं आभारगीत महाराजांनी स्वतः मागून घेतलं होतं. "ते तीन तुताऱ्यांचं," असा निरोप होता.

"होडी कलंडली," थोरला नावाडी म्हणाला. "माणसं सगळी वाचली, साहेब. कोंबड्याही वाचल्या. ही पेटी तेवढी आज सकाळी गळाला लागली."

सिबिलाने, गॉटहोल्डच्या मुलीने, झाकण उघडलं. आत कागद म्हणावं असं काही उरलं नव्हतं. राखाडी लगदा होता, बिअरमध्ये भिजवलेल्या पावासारखा, आणि त्यात शाईचे तपकिरी ओघळ. तिने वरचा थर उचलला तशी त्यातून बोटाएवढी मासोळी उसळून फरशीवर पडली.

"घ्या बाबा," ट्राउगोट म्हणाला, "एक श्रोता तरी शेवटपर्यंत बसला होता."

हा गॉटहोल्डचा मुलगा, दरबारच्या वाद्यवृंदात बासून, म्हणजे खर्जातला लांब लाकडी पावा, वाजवायचा. नको तिथे विनोद करायची खोड त्याने आईकडून उचलली होती. गॉटहोल्डला हसू आलं नाही. त्याने मासोळी उचलून पाण्याच्या बादलीत टाकली आणि तो बाकावर बसला.

त्याची मूळ वही सोडली तर त्या पेटीतलं पान न् पान त्याच्या बायकोने, रोझिनाने, लिहिलेलं होतं. तो संगीत रचायचा आणि ती त्यातून प्रत्येक वादकाचा, प्रत्येक गायकाचा वेगळा कागद लिहून काढायची. सव्वीस वर्षं हेच चाललं होतं. जानेवारीत ती गेली. पेटीतलं ते तिचं शेवटचं मोठं काम होतं. आणि घरात दुसरी प्रत नव्हती. दरबारासाठी रचलेलं ते दरबारचं, त्याची नक्कल घरी ठेवायची नाही, हा नियम रोझिनाने कधी मोडला नव्हता.

संध्याकाळी दरबारच्या कारभाऱ्याची चिठ्ठी आली. शनिवारी पाचच्या होडीने कागद आले तर ठीक, नाहीतर दरबारच्या नव्या इटालियन संगीतकारांचं आभारगीत तयार आहे.

"दोन दिवसांत नवीन..." ट्राउगोटने सुरुवात केली, पण सिबिलाने त्याच्या पायावर पाय दिला. आठ महिन्यांत बाबांनी एक ओळ रचली नव्हती. रविवारमागून रविवार दरबारी नोकरीआधीच्या वह्यांतलं जुनंच काढून देत होते आणि सिबिला त्याचे कागद लिहून द्यायची. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

"नवीन नको," गॉटहोल्ड म्हणाला. "मला तेच परत पाहिजे."

*

शुक्रवारी सकाळी अपोलोनिया आली. रोझिनाची थोरली बहीण, हातमोजेवाल्याची विधवा, अंगाने थोराड आणि आवाजाने त्याहून. गॉटहोल्ड चौदा वर्षांचा असताना तिच्या वडिलांकडे ऑर्गन शिकायला राहिला होता, तेव्हापासून ती त्याला अरेतुरे करायची आणि तो तिला आक्का म्हणायचा. तिच्या एका हातात आलुबुखारांची टोपली होती. दुसऱ्या हाताने तिने आपल्या धाकट्या भावाची बाही धरली होती.

बाल्थासारने जानेवारीनंतर या घरात पाऊल टाकलं नव्हतं. तो दरबारच्या चर्चचा ऑर्गनवादक. रविवारी गॉटहोल्ड खाली उभा राहून ताल द्यायचा, हा वर माडीवर वाजवायचा, आणि जिन्यात समोरासमोर आले की दोघंही भिंतीकडे बघायचे. कशावरून बिनसलं ते गॉटहोल्डला कळलं नव्हतं. रोझिनाच्या दुःखाने याचं डोकं फिरलं असेल, असं तो धरून चालला होता.

"आक्का, याला कशाला आणलंस?"

"कारण निम्मं गीत तुझ्या डोक्यात आहे आणि निम्मं याच्या. दोन्ही डोकी एका खोलीत आल्याशिवाय जमायचं कसं?"

"आक्का," बाल्थासार दारातूनच म्हणाला, "दाजींना सांग, मी फक्त माझ्या बहिणीच्या हातच्या कामासाठी आलोय."

"तो काय चंद्रावर आहे? तूच सांग."

"मी त्यांच्याशी बोलत नाही."

"मग नको बोलूस. बस आणि लिही. सिबिले, मामाला दौत दे. आणि हे आलुबुखार घे. केक कर, रिकाम्या पोटी कोणाला काही आठवत नाही."

सिबिलाने पाच टोकांच्या पितळी पेनाने कोऱ्या कागदांवर रेघा आखल्या आणि उभ्या रेघांनी तालाच्या आवर्तनांची घरं पाडली. गायकांच्या ओळी, व्हायोलिन आणि तुताऱ्या गॉटहोल्डने घेतल्या. ट्राउगोटने आपला बासून घेतला, आणि त्याच्या शेजारी बसणाऱ्यांचे ओबो नावाचे पावे. "दोन वर्षं त्यांची थुंकी अंगावर घेतलीय, तेवढं तर आठवेलच," तो म्हणाला. बाल्थासार खिडकीशी पाठ करून बसला. तो मांडीवर बोटं आपटायचा, मग लिहायचा, मग पुन्हा बोटं आपटायचा.

अपोलोनियाला स्वर लिहिता येत नव्हते. पण तिने प्रत्येक तालीम ऐकली होती.

"थांब, थांब. इथे एवढ्यात संपत नाही. इथे तो जाडा गायक श्वास घ्यायचा."

"म्हणून काय झालं, मावशी?"

"त्याला श्वास घ्यायला वेळ लागतो, बाळा. दोन घरं तरी जास्त पाहिजेत. आणि पुढे तिथे सरदारसाहेब शिंकले होते."

"ते पण लिहू?" ट्राउगोटने विचारलं.

"ते नको. पण ते तुतारी थांबल्यावर शिंकले, तुतारी चालू असताना शिंकले असते तर मला ऐकू आलं असतं का? म्हणजे इथे तुतारी थांबते."

गॉटहोल्डने मनात वाजवून बघितलं. तुतारी थांबत होती. त्याने मान हलवली आणि लिहून टाकलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या बोटांना शाई लागली होती, हे त्याच्या लक्षातही आलं नाही. सिबिलाच्या आलं. तिने मावशीकडे बघितलं आणि मावशीने डोळे मिचकावले.

दुपारपर्यंत टेबल, बाक, पलंग, सगळीकडे कागद वाळत पडले होते. एका कागदावर केकचं पीठ सांडलं होतं. मध्ये बारा घरं तेवढी रिकामी राहिली होती. ती कोणालाच आठवेनात.

"तिथे महाराज गुडघे टेकतात," अपोलोनिया म्हणाली. "सगळे खाली बसतात. घागऱ्यांची ती सळसळ, तलवारी फरशीवर आपटतात. ऐकू कोणाला येणार?"

"मला तिथे काही नाहीच," ट्राउगोट म्हणाला. "मी नाक शिंकरतो."

"आक्का, दाजींना सांग, मला तिथे एकच लांब स्वर आहे. बाकी मला माहीत नाही."

सगळे गॉटहोल्डकडे बघायला लागले. त्याने डोळे मिटले. काही येईना.

"ते राहू दे," तो म्हणाला. "आधी जे आहे ते वाजवून बघू."

*

भिंतीलगत जुनं हार्प्सिकॉर्ड होतं, पट्ट्या दाबून वाजवायचं तारांचं वाद्य, बाकीच्या वाद्यांच्याच सुरात लावलेलं. बाल्थासार आपला कागद घेऊन त्याच्यापुढे बसला. ट्राउगोटने बासून जोडला. गॉटहोल्डने हात वर केला आणि खाली आणला.

पोत्यात दोन बोके कोंडावेत तसा आवाज झाला.

अपोलोनियाने कानांवर हात ठेवले. वाजवणारे दोघंही थांबेनात. दोघांनाही खात्री होती की दुसरा आपली चूक ओळखून थांबेल. शेवटी खालच्या मजल्यावरच्या नोएबर्ट बेकरने काठीने छत ठोकलं आणि ओरडून विचारलं, "डुक्कर कापताय का? सॉसेज केलेत तर मला ठेवा हो!"

"मामा, तुमचं चुकलंय," ट्राउगोट म्हणाला.

"माझं? एकोणीस वर्षं वाजवतोय मी!"

"तुमचं सगळंच्या सगळं एक स्वर खाली आहे."

"खालीच असणार! तुला कोणी शिकवलं का नाही? चर्चचे ऑर्गन एक स्वर चढे असतात. सगळ्या वाद्यांशी जुळवून घ्यायचं तर ऑर्गनचा कागद एक स्वर खाली लिहावाच ला..."

तो थांबला. त्याने समोरच्या वाद्याकडे बघितलं.

"हे हार्प्सिकॉर्ड आहे," तो म्हणाला.

"सकाळपासून इथेच आहे," ट्राउगोट म्हणाला.

सिबिलाला आधी हसू फुटलं, मग ट्राउगोटला. अपोलोनिया तर बाकावर बसून पोट धरून हसायला लागली. गॉटहोल्डच्याही ओठांना मुरड पडली. एकटा बाल्थासार हसला नाही. कागद हातात घेऊन तो उठला आणि पहिल्यांदाच सरळ गॉटहोल्डच्या समोर येऊन उभा राहिला.

"दाजी, माझ्या बोटांनी जे आठवून लिहिलं ते हे. एक स्वर खाली. म्हणजे दोन वर्षांपूर्वी तुम्ही मला कागद नीट खाली आणून देत होतात. एकोणीस वर्षं देत होतात. मग रोझिना गेल्यापासून का नाही?"

"काय का नाही?"

"आठ महिने! दर रविवारी माझ्यापुढे येतो तो बाकीच्या वाद्यांचा असतो तसाच कागद. मी वाजवता वाजवता मनात प्रत्येक स्वर खाली आणायचा. सगळा दरबार खाली बसलेला, आणि मी वर घामाने भिजतोय. एकदा जरी बोट चुकलं असतं तरी माझी नोकरी गेली असती. बहीण गेली, आता मेहुण्याची गरज नाही, असंच ना?"

खोलीतलं हसणं थांबलं.

"बाल्थासार," गॉटहोल्ड म्हणाला, "मी आयुष्यात एकदाही ऑर्गनचा कागद खाली आणून लिहिलेला नाही."

"खोटं."

"शपथ. मला वाटायचं, वाजवताना तूच आणतोस. मी लोकांना सांगायचो. मागच्या वर्षी त्या इटालियनलासुद्धा सांगितलं, माझा मेहुणा समोर काहीही ठेवा, बघता बघता एक स्वर खाली वाजवतो, असा ऑर्गनवाला सगळ्या सॅक्सनीत नाही."

बाल्थासारचं तोंड उघडं राहिलं. "मीही लोकांना सांगायचो. म्हणायचो, दाजी एवढे मोठे, पण मेहुण्यासाठी रात्र जागून प्रत्येक कागद खाली आणून देतात."

दोघंही सिबिलाकडे वळले.

"माझ्याकडे बघू नका. मला कोणी सांगितलंच नाही. बाबांच्या वहीत जसं असतं तशी मी नक्कल करते." मग तिचा आवाज बदलला. "पण आई ऑर्गनचं पान मला कधी देत नसे. म्हणायची, बाकीचं सगळं तू कर, हे माझं."

अपोलोनियाने डोळे पुसले. ते आधीच्या हसण्याने ओले होते की आणखी कशाने, सांगता आलं नसतं.

"रोझिनाच करायची," ती म्हणाली. "आमच्या बाबांची नजर मंदावली तेव्हा तिने शिकून घेतलं. बाबांसाठी करायची, मग याच्यासाठी करायला लागली. या गधड्याला नोकरी लागली तेव्हा याला खाली आणून वाजवता येत होतं का? घामच फुटायचा."

"आक्का!"

"मग काय खोटं आहे? मी तिला एकदा म्हटलं, अगं दोघांना सांग तरी. तर म्हणाली, सांगितलं की दोघंही मला शिकवायला बसतील."

ट्राउगोट एवढ्या जोरात हसला की बासूनची नळी निसटून पडली.

"आणि तू आठ महिने गप्प बसलीस?" गॉटहोल्डने विचारलं.

"मला काय स्वप्न पडलं होतं तुमचं भांडण यावरून आहे ते? याला दर आठवड्याला विचारायचे, काय झालं रे? तर म्हणे, दाजी माजलेत. नक्की काय केलं ते तोंडातून काढलं का? आणि तू! तू त्याला एकदा विचारलंस?"

"नाही."

"बाबा," सिबिला म्हणाली. ती नेहमी बापाच्या बाजूने असायची, आता नव्हती. "आईला तरी विचारलं होतंत का? रोज शेवटी ती कुठलं पान घेऊन बसते ते?"

गॉटहोल्डला ते टेबलाचं टोक दिसलं. मेणबत्ती, रोझिनाची वाकलेली मान. तुम्ही झोपा, माझं एकच पान राहिलंय. हे वाक्य त्याने किती वेळा ऐकलं असेल? आणि तो जाऊन झोपत असे.

"नाही विचारलं," तो म्हणाला.

त्याला वाटलं आता आपल्याला रडू येणार. पण आतून आलं ते हसू होतं. आधी बारीक, मग खांदे हलायला लागले. दरबारातले दोन मोठे संगीतकार एकोणीस वर्षं एकमेकांची थोरवी गावभर सांगत होते, आणि ती मधे बसून मोजे विणत ऐकत होती. कसली मजा वाटत असेल तिला! बाल्थासारने त्याच्याकडे बघितलं आणि तोही हसायला लागला. मग कोणीही कोणाला आवरू शकेना. खालून नोएबर्टने पुन्हा छत ठोकलं. अपोलोनियाने खिडकीतून वाकून ओरडून सांगितलं, "डुक्कर नाही हो, माझा भाऊ आहे! केक खायला वर या!"

"एक सांगू, दाजी?" बाल्थासार डोळे पुसत म्हणाला. "आठ महिने तुम्हाला शिव्या घालत घालत मी ते शिकलो. आता खरंच जमतं मला. समोर काहीही ठेवा."

"म्हणजे मी त्या इटालियनशी खोटं बोललो नाही."

"फक्त जरा लवकर बोललात."

*

शनिवारी सकाळी सगळं पुन्हा वाजवलं. या वेळी बाल्थासारने आपला कागद मनातल्या मनात एक स्वर वर नेऊन वाजवला आणि प्रत्येक ओळीनंतर कोणी कौतुक करतंय का ते मागे वळून बघितलं. जुळलं. दोन ठिकाणी गॉटहोल्ड आणि ट्राउगोट भांडले, एकदा अपोलोनियाने निकाल दिला आणि एकदा सिबिलाने, आणि दोन्ही वेळा गॉटहोल्ड हरला.

ती बारा घरं तशीच रिकामी होती.

जेवणं झाल्यावर तो त्यांच्यापुढे बसला. मागल्या वेळी तिथे काय होतं ते आठवायचा त्याने आणखी एकदा प्रयत्न केला. मग सोडून दिला. महाराज गुडघे टेकणार, घागऱ्या सळसळणार, तलवारी आपटणार, आणि कोणाला काही ऐकू येणार नाही. म्हणजे तिथे काय हवं? एवढ्या गोंगाटातून जो वर येईल असा एकच आवाज. त्याने ऑर्गनची ओळ पुढे ओढली आणि लिहायला सुरुवात केली. खाली व्हायोलिनना हळू धरून ठेवलं आणि ऑर्गनला वरून मोकळं सोडलं. सूर खेळकर होता. गुडघे टेकलेल्या माणसाला वर बघावंसं वाटेल असा.

घरातले सगळे इकडे तिकडे काही तरी आवरत असल्यासारखे दाखवत होते. सिबिला एकच ताटली तिसऱ्यांदा पुसत होती. अपोलोनियाने तोंडावर बोट ठेवून ट्राउगोटला गप्प केलं होतं.

"झालं," गॉटहोल्ड म्हणाला.

बाल्थासारने त्याच्या खांद्यावरून वाचलं आणि वाचता वाचता त्याची बोटं गॉटहोल्डच्या पाठीवरच चालायला लागली.

"दाजी, इथे तर ऑर्गन एकटाच नाचतोय!"

"एकटाच."

"आधी असं नव्हतं."

"नव्हतं. हे नवीन आहे."

सिबिलाने ताटली खाली ठेवली.

"द्या इकडे," बाल्थासार म्हणाला. "हे मी उद्या बघून बघून खाली आणीन. आता मला त्याचं काही वाटत नाही."

"नको. बाकीच्या कागदात जसं आहे तसंच यातही पाहिजे. मी आणून देतो."

"तुम्ही? तुम्हाला येतं?"

"शिकेन."

"थांबा, मग मी सांगतो, आधी काय करायचं..."

"बाल्थासार!" अपोलोनिया ओरडली. "त्याला शिकवायला बसू नकोस!"

सगळे हसले. गॉटहोल्डही हसला, आणि त्याने कोरा कागद पुढे घेतला. एक स्वर बघायचा, तो मनात एक पायरी खाली उतरवायचा, मग लिहायचा. वाटलं होतं त्यापेक्षा फार हळू काम होतं. ती हे बोलता बोलता करायची. ट्राउगोट आणि सिबिला बाकीचे कागद नव्या पेटीत भरत होते आणि पेटी एका मेणकापडात गुंडाळावी की दोन मेणकापडांत यावरून त्यांचा वाद चालला होता. बाल्थासार टोपी घालून, पुन्हा काढून, दारात येरझाऱ्या घालत होता. चर्चच्या घड्याळात तीन वाजले. होडी पाचला सुटणार होती.

बारा घरांपैकी तीन लिहून झाली होती. नऊ राहिली होती.